फुदकीची दोरी बसमध्ये राहिली

एक होती उंदरी. एवढीशी! नाव तिचं फुदकी.

फुदकीची होती टोळी. पाच उंदरांची. रंभीताई सगळ्यांत मोठी. फुदकी सगळ्यांत धाकटी. टोळी निघाली तळ्याकाठी, तंबूत राहायला.

लांबच लांब रस्ता! पहिली बस, खडखड खडखड. दुसरी बस, धडधड धडधड. उतरले सगळे स्टँडवर. तिसरी बस समोरच उभी.

रंभीताईने विचारलं, "तंबू?"
"आहे!"
"खुंट्या?"
"आहेत!"
"दोरी?"

दोरी होती फुदकीकडे. फुदकीने हात पाहिले. पाठ पाहिली. शेपटी उचलून पाहिली. दोरी नाही! दोरी राहिली दुसऱ्या बसमध्ये!

फुदकीचे डोळे झाले वाटाण्याएवढे.
"अगंबाई! आता काय करू?"
"दोरी नाही, तर तंबू नाही," रंभीताई म्हणाली. "पळ, फुदके, पळ!"

फुदकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. दुसऱ्या बसपाशी कंडक्टरकाका.

"काका, काका, दोरी द्या!
दोरी नाही, तर तंबू नाही!"

काका म्हणाले, "बसला कुलूप. ड्रायव्हरमामा किल्ली देतील, तर मी दोरी देईन."

डोळे झाले बोराएवढे.
"अगंबाई! आता काय करू?"
तुरुतुरु तुरुतुरु. झाडाखाली ड्रायव्हरमामा. जांभई देतात, आऽऽऽ!

"मामा, मामा, किल्ली द्या!
किल्ली नाही, तर काका दोरी देत नाहीत.
दोरी नाही, तर तंबू नाही!"

मामा म्हणाले, "डोळेच उघडत नाहीत गं. मावशी चहा देईल, तर मी किल्ली देईन."

डोळे झाले लिंबाएवढे.
"अगंबाई! आता काय करू?"
तुरुतुरु तुरुतुरु. टपरीवर चहावाली मावशी.

"मावशी, मावशी, चहा दे!
चहा नाही, तर मामा किल्ली देत नाहीत.
किल्ली नाही, तर काका दोरी देत नाहीत.
दोरी नाही, तर तंबू नाही!"

मावशी म्हणाली, "दूध संपलं बाई. म्हैस दूध देईल, तर मी चहा देईन."

डोळे झाले चिकूएवढे.
"अगंबाई! आता काय करू?"
तुरुतुरु तुरुतुरु. टपरीमागे म्हैस. काळी काळी, हीऽऽ मोठी!

"म्हशीबाई, म्हशीबाई, दूध दे!
दूध नाही, तर मावशी चहा देत नाही.
चहा नाही, तर मामा किल्ली देत नाहीत.
किल्ली नाही, तर काका दोरी देत नाहीत.
दोरी नाही, तर तंबू नाही!"

म्हैस म्हणाली, "घसा कोरडा पडलाय. हापसा पाणी देईल, तर मी दूध देईन."

डोळे झाले पेरूएवढे.
"अगंबाई! आता काय करू?"
तुरुतुरु तुरुतुरु. हौदापाशी हापसा.

"हापसेदादा, हापसेदादा, पाणी दे!
पाणी नाही, तर म्हैस दूध देत नाही.
दूध नाही, तर मावशी चहा देत नाही.
चहा नाही, तर मामा किल्ली देत नाहीत.
किल्ली नाही, तर काका दोरी देत नाहीत.
दोरी नाही, तर तंबू नाही!"

हापसा म्हणाला, "कुईं! माझा दांडा दाब, तर मी पाणी देईन."

फुदकीने मारली उडी. दांड्याला लोंबकळली. दांडा हलेना!
तिकडे तिसरी बस वाजली. पों! पों!
"अगंबाई! टोळीऽऽ! धावाऽऽ!"

धावले चौघे. दांड्याला रंभीताई. तिच्या शेपटीला दुसरा. दुसऱ्याच्या शेपटीला तिसरा. मग चौथा. शेवटी फुदकी.
"हैशा! हैशा! हैशा!"
कुईं... कुईं... भळ्ळ!

हापशाने पाणी दिलं, भळभळ भळभळ.
म्हशीने दूध दिलं, चुर्र चुर्र.
मावशीने चहा दिला, वाफाळता.
मामा चहा प्यायले, फुर्र फुर्र. डोळे उघडले, टक्क! मामांनी किल्ली दिली.
काकांनी दार उघडलं, खाड्! सीटखालून दोरी काढली.
"घे गं पोरी!"

फुदकीने दोरी घेतली. मागे वळली. आणि काय?
तिसरी बस निघाली! घुर्र घुर्र!
"अगंबाईऽऽ!" आता पाचही उंदरांचे डोळे कलिंगडाएवढे!

काकांनी फुंकली शिट्टी. फुर्रर्रर्र!
"अहो, थांबा! पोरं राहिली!"
बस थांबली. कच्च!

तळं आलं. खुंट्या ठोकल्या. ठक ठक ठक. फुदकीने दोरी बांधली. घट्ट ओढली. तंबू उभा राहिला. ताठ!

पाच उंदीर आत शिरले. पाच शेपट्या मात्र बाहेरच राहिल्या.