शेवटच्या पंगतीचा फोटो

“दादा जेवला होता का?”

हा प्रश्न गोरखने पहिल्यांदा पोलिसाला विचारला होता. पोलीस पंचनामा लिहीत होता. त्याने मान वर केली नाही.

मग गोरखने रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला विचारला. दवाखान्यात पांढऱ्या कापडाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारला. तो म्हणाला, “बाहेर थांबा.” नंतर शवविच्छेदनाचा कागद मिळाला, तो इंग्रजीत. गोरखची शाळा सातवीतच सुटलेली. शेजारच्या गुरुजींनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, “असलं विचारू नये, बाळ.”

चार महिन्यांनी, आज, त्याने तोच प्रश्न मुजावर चाचांना विचारला.

चाचा लेन्स पुसत होते. पुसतच राहिले.

हणमंत मदने हा गोरखचा थोरला भाऊ. फलटणच्या पेठेत चाचांचा जुना फोटो स्टुडिओ आहे, तिथे शिकून तो लग्नाचे फोटो काढायला लागला होता. दहिवडीच्या बाजूचं एक लग्न उरकून मोटारसायकलवरून परत येत होता. घाटातल्या वळणावर समोरून ट्रक आला. तेव्हा दुपारचे पावणेचार वाजले होते.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भटजी घड्याळ बघायला लागले. मामा म्हणाले, “काहीतरी राहिलंय पोराचं.” एकेकाने पुढे होऊन शब्द दिला. गोरखने आईला सांभाळीन म्हणून सांगितलं. कावळा बाभळीवरून हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे नदीवरून घरी आले.

आई एवढंच म्हणाली, “उपाशी गेला माझा लेक.”

तेव्हापासून ती दुपारची जेवत नाही. भाकरी थापते, गोरखला वाढते आणि उंबऱ्यात जाऊन बसते. मग गोरखच्याही घशाखाली घास उतरत नाही. तोही ताट झाकून उठतो. आई दिवसेंदिवस वाळत चालली होती, आणि तिला सांगण्यासारखं गोरखकडे काही नव्हतं.

त्याच्याकडे होता तो फक्त एक संशय.

हणमंतचा मोबाइल काच तडकलेल्या अवस्थेत परत मिळाला होता. त्यावर तीन न उचललेले फोन होते. दोन अठ्ठेचाळीस, दोन त्रेपन्न, दोन सत्तावन्न. तिन्ही चाचांचे.

गोरखने मनाशी ठरवून टाकलं. ह्याच म्हाताऱ्याने घाई लावली. ह्यानेच दादाला भरल्या ताटावरून उठवलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओच्या दारात उभा राहिला. “मला दादासारखे फोटो काढायला शिकवा,” म्हणाला. शिकायचं कुणाला होतं? म्हातारा कधीतरी बोलता बोलता सापडेल, एवढीच त्याची आशा.

चाचांनी त्याला आत घेतलं. पैशाचं नावही काढलं नाही. गोरखचा संशय आणखी वाढला.

चाचा थोडं बोलत.

“हळदीत हॅलोजन बंद करायला सांग. नाहीतर नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते.”

“दुसरी बॅटरी बॅगेत ठेवू नकोस. शर्टाच्या खिशात ठेव.”

“अंतरपाट खाली येताना सगळे नवरा-नवरीकडे बघतात. तू नवरीच्या आईकडे बघ.”

“तोंडात घास असलेल्या माणसाचा फोटो काढायचा नाही. त्याला आधी गिळू दे.”

“ताट खिडकीकडे फिरव. भात आधी काढ. वाफ कुणासाठी थांबत नाही.”

गोरखला सगळं पाठ झालं आणि त्याने त्यातलं एकही सरळ मनाने घेतलं नाही. एवढं फुकट कोण सांगतं? काहीतरी झाकायचं असल्याशिवाय? चाचांनी दिलेला चहासुद्धा तो आधी हुंगून प्यायचा.

“काय रे, मिठाचा झालाय का?” चाचा विचारायचे.

“न्हाय. बघतोय.”

“बघ, बघ. बघायलाच आलायस.”

आज मात्र त्याचा धीर सुटला आणि प्रश्न तोंडातून निघून गेला. चाचांनी लेन्स पुसून झाकण लावलं. मग त्यांनी कॅमेरा गोरखपुढे धरला.

“ताट काढ.”

“मी काहीतरी विचारलंय.”

“ऐकलं मी. ताट काढ.”

खिडकीशी एका चटईवर लग्नाचं ताट मांडलेलं होतं. एका आचाऱ्याला मेनूकार्डासाठी फोटो हवे होते, म्हणून त्यानेच ते सकाळी पाठवलेलं. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलेबी, वाटीत मठ्ठा. दीड वाजून गेला होता.

गोरखने दात आवळून ताट खिडकीकडे फिरवलं. कडेला सांडलेला पाक पुसला. चाळीस फोटो काढले आणि कॅमेरा चाचांच्या हातात जवळजवळ आदळला.

चाचा एकेक फोटो बघत गेले...

“उपाशी आहेस.”

गोरख चमकला. “कुणी सांगितलं? आईला भेटला होता का तुम्ही?”

“नाही.”

“मग कोण बोललं?”

चाचांनी कॅमेरा त्याच्याकडे वळवला. “पहिल्या फोटोत ताट आहे. दहाव्यात नुसती पुरी. विसाव्यात जिलेबीचं एक वेटोळं. आणि शेवटच्यात... हे काय आहे?”

“पाकाचा थेंब.”

“आचाऱ्याने पाकाच्या थेंबाचा फोटो मागितला होता?”

“जवळून चांगलं दिसतं.”

“भूक लागली की चांगलं दिसतं. उपाशी माणूस कॅमेरा घेऊन पुढे पुढे सरकत जातो. त्याचं त्याला कळत नाही.” चाचांनी कॅमेरा बाजूला ठेवला. “जेव.”

“आचाऱ्याचं ताट आहे ते.”

“त्याचं काम झालं. जेव.”

हा आता माझं तोंड बंद करतोय, गोरखला वाटलं. चार घास घालायचे आणि प्रश्न पोटात ढकलायचा. तरी तो चटईवर मांडी घालून बसला. पहिला घास त्याने रागाने घेतला. दुसरा कधी घेतला ते त्याला कळलं नाही. चार महिन्यांत तो दुपारी असा जेवलाच नव्हता.

भातात बोटं बुडालेली असताना पँटच्या उजव्या खिशातला मोबाइल वाजला.

त्याने दुर्लक्ष केलं. वाजून वाजून तो थांबला.

थोड्या वेळाने पुन्हा वाजला. गोरख वैतागून इकडे तिकडे बघायला लागला. समोर चाचा भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या कानाला मोबाइल होता.

“तुम्हीच फोन करताय?”

“हो.”

“समोर उभं राहून?”

“उचल की.”

“कसा उचलू? हात खरकटा आहे.”

चाचांनी फोन बंद केला. त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं.

खिशात मोबाइल वाजत राहिला...

गोरखचा घास हातातच राहिला. मांडीवर मठ्ठ्याचा थेंब पडला, तो त्याने पुसला नाही.

“तीन,” तो हळूच म्हणाला.

“तीन.”

“म्हणजे तुम्हीच केले होते.”

“मीच. संध्याकाळी फलटणात दुसरी हळद होती. लवकर निघ, असं सांगणार होतो.”

“म्हणजे घाई लावलीच की तुम्ही.”

“लावली असती. त्याने उचलला असता तर.” चाचांनी हातातला मोबाइल खिशात टाकला. “सहा वर्षांत माझा फोन त्याने कधी चुकवला नव्हता. त्या दिवशी तिन्ही चुकवले. बरं केलं.”

गोरखने मान हलवली. एवढ्याने तो बधणार नव्हता. “दादा फोटो काढत असंल. कॅमेरा हातात असला की तो कुणाचा फोन उचलायचा नाही.”

“ताट संपव. मग बघू.”

“आत्ता.”

“ताट संपव.”

त्याने चार घासांत ताट संपवलं, हात धुतला आणि ओल्या हातानेच कॉम्प्युटरपुढे येऊन बसला. अपघातात कॅमेरा फुटला होता, पण आतलं कार्ड शाबूत होतं. चाचांनी त्या लग्नाचे शेवटचे फोटो लावले. प्रत्येकाखाली वेळ होती.

दोन वीस. जेवणाऱ्यांची लांबच लांब पंगत.

दोन एकतीस. एकच ताट.

दोन अडतीस. पुरी.

दोन बेचाळीस. जिलेबी. मग जिलेबीचं टोक, आणि टोकावर चमकणारा पाक.

गोरखने तोंडावर हात ठेवला. आत्ता थोड्या वेळापूर्वी तोही इथेच येऊन पोचला होता.

“उपाशी होता,” तो म्हणाला. “बघा. उपाशीच होता तो.”

पुढचा फोटो चाचांनी लावला नाही. माऊस त्याच्याकडे सरकवला.

गोरखने बोट दाबलं.

तीन वाजून पाच मिनिटं. त्या लग्नाचा हा शेवटचा फोटो.

हा लांबून काढला होता. रिकामा झालेला मांडव, गोळा केलेल्या सतरंज्या, आणि मधोमध सगळ्यांत शेवटची पंगत, वाढपी बायकांची. दिवसभर दुसऱ्यांना वाढून त्या आता कुठे बसल्या होत्या. सात जणी. पदर खोचलेले, कपाळावर घाम. सगळ्या कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या, आणि तोंडात घास एकीच्याही नव्हता.

पंगतीच्या मधे एक जागा रिकामी होती. तिथे हणमंतची बॅग ठेवलेली. बॅगेपुढे एक ताट. पुसून घेतल्यासारखं स्वच्छ, कडेला फक्त मिरचीचा देठ.

शेजारची थोराड बाई त्या रिकाम्या ताटात जिलेबी वाढत होती. दुसऱ्या हाताने ती कॅमेऱ्याकडे बोट दाखवत काहीतरी दटावत होती.

गोरखने मागच्या फोटोची आणि ह्याची वेळ बोटांवर मोजली.

“मधी बावीस-तेवीस मिनिटं एक पण फोटो न्हाय.”

“नाही.”

“आन् तुमचे तिन्ही फोन त्यातच.”

“हं.”

“हे तुम्हाला पहिल्यापासून ठावं होतं.” गोरख एकदम उठला. खुर्ची मागे पडली. “चार महिने. चार महिने माझी आई दुपारी जेवली नाही. आन् तुम्ही हे झाकून ठेवून मला हॅलोजन बंद करायला शिकवत बसला?”

“पहिल्या दिवशी दाखवला असता, तर तुला काय दिसलं असतं?”

गोरखने पडद्यावरच्या फोटोकडे पुन्हा पाहिलं.

“बायका,” तो शेवटी म्हणाला.

“आणि मी सांगितलं असतं, तर?”

चाचांनी सांगितलं असतं, तर त्याने ते चहासारखं हुंगलं असतं.

त्याने खुर्ची उचलून सरळ केली आणि पुन्हा बसला. आता त्याचे डोळे वाहत होते. ते पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

“अल्बममध्ये हा फोटो नाही,” चाचा म्हणाले. “मुलीकडच्यांनी निवडला नाही. वाढप्यांचा फोटो कोण निवडणार?”

“मग दादाने कशाला काढला?”

चाचांनी कपाटातून एक पाकीट काढलं. आत त्याच फोटोच्या सात प्रती होत्या. मागे पेन्सिलने एकेक नाव लिहिलेलं. नावं हणमंतने त्याच दिवशी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर टिपून घेतली होती. बॅगेत सापडलेली ती पत्रिकाही पाकिटात होती. सातव्या नावाखाली त्याने रेघ मारून लिहिलं होतं: प्रत्येकीला एक, नक्की.

गोरखला अक्षर लावायला वेळ लागला. एकेक अक्षर जुळवत त्याने ओळ वाचली. दादाने त्या बायकांसाठी केलेलं हे शेवटचं काम होतं, आणि ते अर्धंच झालं होतं.

“मी देऊन येतो.”

“दे.”

त्याने पाकीट शर्टाच्या आत घातलं. दारापर्यंत गेला आणि वळला. संशय अजून पुरता गेला नव्हता.

“चाचा... ती जिलेबी. फोटो काढून झाल्यावर दादा परत बसला का? खाल्ली का त्याने?”

“कोण जाणे.”

“आई तेच विचारणार. तिला काय सांगू?”

चाचांनी लेन्स पुन्हा हातात घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि फुंकर मारली.

“काही सांगू नकोस. तिलाही बरोबर घेऊन जा, त्या सात जणींनाच विचारू दे. आणि दुपारचं जा, जेवायच्या वेळेला.”