भरतकामाचं कव्हर

जपानी वस्तू घरात आली की शेजारीपाजारी बघायला जमायचे, तेव्हाची ही गोष्ट. दुबईहून आलेल्या टेपरेकॉर्डरला धूळ लागू नये म्हणून त्याच्यावर भरतकामाचं कव्हर चढलं. तो आत ऐटीत बसून राहिला.

बऱ्याच वर्षांनी कव्हर निघालं. समोर एक चपटा मोबाइल गात होता.

"पोरा, तुझी कॅसेट कुठाय?"

"लागतच नाही, आजोबा."

"माझी भावंडं जगभर घराघरांत आहेत, ठाऊक आहे?"

"होती. आज तुम्हालाही भंगारवाला नेणार आहे."

"पण मी एकदाही बिघडलो नाही! हे सगळं झालं कधी?"

"तुम्ही कव्हरात होतात, तेव्हा."

दारात भंगारवाल्याची हाक आली. जाता जाता टेपरेकॉर्डरने मोबाइलला निरखून विचारलं, "आणि तुझ्या अंगावर हे काय रे?"

मोबाइलचं गाणं थांबलं. कालच त्याला नवं कव्हर घातलं होतं.