पत्रावळीवरचा हात

"पण माझं चुकलं कुठं, माई?"

समिधा मठीच्या दारात उभी राहूनच विचारत होती. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

अंबूमाई माझ्या शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी आत तर ये."

ही मठी कृष्णेच्या काठी, गावापासून जरा बाजूला. माई तिथं कित्येक वर्षं एकट्या राहतात. आम्ही बायका व्रतवैकल्याच्या निमित्तानं जातो, आणि तरणी पोरं आपापल्या अडचणी घेऊन जातात.

समिधाची अडचण आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. तिला समाजकार्याची पदवी घ्यायची होती. तिथं नुसत्या गुणांवर घेत नाहीत, समोर बसवून विचारतात. गेल्या वर्षी विचारलं, आणि घेतलं नाही. पोरीनं वर्षभर वाट बघितली. आता येत्या सोमवारी पुन्हा बोलावलं होतं. यंदाही जमलं नाही, तर वडील तिचं नाव बी.कॉम.ला घालणार होते.

"गेल्या वेळी मुलाखतीत मॅडमनी विचारलं, वस्तीत पहिल्या दिवशी गेलात तर काय कराल? मी सगळं सांगितलं, माई. बचत गट, अभ्यासिका, व्यसनमुक्ती, संडास... काही म्हणून सोडलं नाही."

"बरं. मग?"

"मग त्या म्हणाल्या, आणि वस्तीतले लोक काय करतील?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, ऐकतील."

माईंचा तांदळातला हात थांबला. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"यात हसण्यासारखं काय आहे, माई?"

"काही नाही गं... उद्या धोंड्याचं जेवण आहे. वाढायला येशील?"

"मी मुलाखतीचं विचारतेय."

"मीही तेच विचारतेय."

समिधा फणकाऱ्यानं चपला काढून आत आली आणि तांदूळ निवडायला बसली. निवडता निवडता तिनं माईंना बचत गटाचे नियम समजावून सांगितले. माईंनी ऐकले.

अधिक महिना होता. अधिकात माई गावाला जेवू घालतात. कणकेच्या पारीत पुरण भरायचं, गोळे उकडायचे, वर तुपाची धार. यालाच धोंडे म्हणायचं. एक खाल्ला की माणूस तृप्त होतो. दोन खाल्ले की भिंतीला टेकतो.

माझा त्या महिन्यात मौनभोजनाचा नेम होता. पानावर बसलं की आचवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. दिवाही लावत होते रोज. सोमवार जवळ आला तशी समिधाच्या नावानं एक वात जास्त घालू लागले होते. पोर गुणाची. नुसती गुणाची.

पंगत बसली. समिधानं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि परात उचलली.

काय सांगू तिचा उत्साह!

"घ्या आजोबा, एकानं काय होतंय?"

"अगं, साखर आहे मला..."

"वर्षातून एकदा चालतं! काकू, तुम्ही लाजू नका. वहिनी, तुम्हाला तर दोन जीव पोसायचेत!"

वहिनी बिचारी लाल झाली. तिला तसलं काही नव्हतं.

"वाढावं तर समिधानं," कोणीतरी म्हणालं. मग तर परात आणखीच वेगानं फिरायला लागली.

माझ्यापाशी आली तेव्हा माझा एक धोंडा संपत आला होता. मी पत्रावळीवर हात आडवा धरला. बोलता तर येत नव्हतं.

समिधाचं लक्ष पुढच्या पानाकडे होतं. तिनं धोंडा ठेवला. माझ्या हातावर. वरून तूपही सोडलं.

पंगत खो खो हसली. मीही हसले असते, पण नेम होता. हातावरचा धोंडा पानात घेतला आणि मुकाट्यानं खाल्ला. पानात टाकवत नाही ना.

माई चुलीपाशी उभ्या होत्या. त्या तेवढ्या हसल्या नाहीत.

दुसरी पंगत वाढणाऱ्यांची. समिधा घाम पुसत आली.

"माई, तुम्ही बसा. मी वाढते."

"नको. तू बस."

"अहो पण..."

"आणि मौनानं जेव."

"मला कुठं नेम आहे?"

"माझ्यासाठी धर. एवढं जेवण."

समिधा बसली. तिला गप्प बसलेलं पाहून सगळे जरा सावध झाले.

माईंनी परात घेतली. पाठ वाकलेली, पण हात कसा सरळ. एक धोंडा. तूप. समिधानं मान डोलावली. आवडीनं खाल्ला.

दुसरा धोंडा. समिधानं हसून खाल्ला.

तिसऱ्याला तिनं पानावर हात धरला.

माई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. अगदी मायेनं. आणि हाताच्या कडेनं धोंडा पानात सरकवला.

"तुझ्या वयाला लागतं गं. मला कळतं."

समिधानं मानेनं नाही म्हटलं. माईंनी तूप सोडलं.

"आज दमलीयेस. तुला काय पाहिजे ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं."

चौथा धोंडा.

समिधानं दोन्ही हात पानावर धरले. माई दुसऱ्या बाजूनं आल्या. समिधानं कोपरं टेकली. माई पुढून आल्या. शेवटी ती पोर अख्खी पत्रावळीवर ओणवी झाली, जशी कोंबडी पिलांवर बसते. खांदे गदगदा हलत होते. हसत होती की रडत होती, कळेना. तोंड मात्र घट्ट मिटलेलं. मौन मोडलं नाही हो तिनं.

माईंनी परात खाली ठेवली.

गुडघ्यावर हात देत, कण्हत, तिच्या पानासमोर बसल्या. तिच्या हातांकडे बघत राहिल्या...

पंगतीतलं हसू हळूहळू थांबलं.

"काय हवंय?" माईंनी विचारलं.

समिधानं मान वर केली. मग तिनं बोट दाखवलं.

फुलपात्राकडे. ते पहिल्यापासून रिकामं होतं. इतके धोंडे आले, पाणी कोणी वाढलंच नव्हतं.

माईंनी तांब्यातून पाणी ओतलं. समिधा घटाघटा प्यायली. माईंनी पुन्हा ओतलं. तिनं हात आडवा धरला.

माईंनी तांब्या बाजूला ठेवला.

आचवून झाल्यावर समिधा माझ्याकडे आली. माझा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"काकू, मघाशी तुम्हाला काय हवं होतं?"

"थोडं ताक, बाई."

ती गेली आणि ताक घेऊन आली. वाटी पुढं करून थांबली. मी बास म्हणेपर्यंत थांबून राहिली.

त्या दिवशी मुलाखतीबद्दल तिनं माईंना पुढं काही विचारलं नाही. माईंनीही सांगितलं नाही.

सोमवारी माझा उपास होता. जीव सगळा तिच्यापाशी. संध्याकाळी देवापुढं बसले, पण जपात लक्ष कसलं! पोर काय बोलली असेल? पुन्हा सगळं सांगत बसली असेल का? वात तर दोनदा विझली. मी पुन्हा लावली.

नंतरचे दिवस कसे काढले, आमचं आम्हाला माहीत. ती मात्र रोज मठीत यायची, झाडलोट करायची, थोडंसंच बोलायची.

आणि मग एका दुपारी ती पळतच आली. आज चपला अंगणातच भिरकावल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे.

"मिळाला! माई, प्रवेश मिळाला!"

माईंच्या पायांवर डोकं ठेवलं, मग माझ्या, मग चुकून पाटावरच्या मांजरीपाशीही वाकली. हसून हसून आमची पुरेवाट.

"काय विचारलं गं त्यांनी?" मी म्हटलं.

"तेच, काकू! त्याच मॅडम आणि तोच प्रश्न. पहिल्या दिवशी वस्तीत काय कराल? मी घरून सगळं पाठ करून गेले होते. पण त्यांनी विचारलं आणि मला एकदम तहान लागली."

"मग?"

"म्हटलं, कुणाच्या तरी दारात बसेन आणि पाणी मागेन."

माई वाती वळत होत्या. वळत राहिल्या.

"मॅडम म्हणाल्या, आणि मग? म्हटलं, मग ते काय बोलतात ते ऐकेन. त्या म्हणाल्या, आणि ते काही बोललेच नाहीत तर?"

"अगं बाई! मग?"

"म्हटलं, तर त्यांचा हात बघेन."

"हात?"

"मॅडमनीही असंच विचारलं. हात? मग मी धोंड्यांचं सगळं सांगितलं. तुमचा हात, माझी पत्रावळ... सगळे हसायला लागले, काकू. एक सर तर म्हणाले, आम्हालाही बोलवा जेवायला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. देवापाशी साखर ठेवायला उठले, तर समिधानं पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला.

पुडा उघडून ती माईंसमोर गुडघ्यांवर बसली. स्वतः काही उचललं नाही. नुसता पुढं धरला.

"माई, पेढा?"

माईंनी एक घेतला. डोळे मिटून, जिभेवर घोळवत खाल्ला.

समिधा त्यांच्या हाताकडे बघत थांबली. हात मांडीवर होता. तिनं घाई केली नाही. पुन्हा वाढला नाही. बराच वेळ थांबली... मग अगदी शहाण्यासारखा पुडा बंद केला.

माईंनी डोळे उघडले. बंद पुड्याकडे बघितलं. मग समिधाकडे.

"अगं पोरी," माई म्हणाल्या, "जरा आग्रह कर की!"