बोरूंची जुडी

एकदा एका नदीकाठच्या गावातील शिक्षक आपल्या वृद्ध गुरूंचा निरोप घ्यायला निघाला. निरोप गुरूंचा होता, तसाच शिक्षकीचाही होता. पेठेतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याला पत्रे लिहिणारा माणूस हवा होता आणि शिक्षकाने होकार दिला होता. व्यापाऱ्याची बैलगाडी गुरूंच्या गावावरूनच पेठेला परतणार होती. पाणवठ्याशी बैल सोडून व्यापारी म्हणाला, "मास्तर, बैलांचे पाणी होईपर्यंत या जाऊन. आणि तोंड असे पाडू नका. तिकडे साठ पोरे तुमच्या डोक्यावर बसत होती. माझ्याकडे सहाशे पोती आहेत, एकही उलटून बोलत नाही."

शिक्षक हसला नाही. त्याच्या खिशात राजीनाम्याचा कागद होता. शाळेवर त्याला गुरूंनीच नेमले होते, म्हणून कागद त्यांच्या हाती ठेवून पुढे जावे असे त्याने ठरवले होते. त्या शाळेत दुसरा शिक्षक नव्हता. कागद दिला की शाळेला कुलूप लागणार, हे त्याला माहीत होते.

गुरू ओसरीवर सुपात मूग निवडत बसले होते. दृष्टी मंदावल्यामुळे ते खडे बोटांनी शोधत होते.

"कोण? तू होय. बस. जेवून जाणार असशील तर आधीच सांगतो, हल्ली दाणा कोणता नि खडा कोणता हे मला दातांखाली आल्यावरच कळते."

"जेवायला थांबत नाही, गुरुजी. गाडी उभी आहे." शिक्षकाने कागद पुढे ठेवला.

"काय आहे?"

"आपण वाचावे."

"मूग दिसत नाहीत, अक्षरे काय दिसणार. तूच वाच."

आपला राजीनामा आपल्याच तोंडाने वाचावा लागेल, याची शिक्षकाने कल्पना केली नव्हती. त्याने तो वाचला. चारच ओळी होत्या. शेवटच्या ओळीत लिहिले होते की, मी या कामास योग्य नाही अशी माझी खात्री झाली आहे.

"खात्री कशाने झाली?" गुरूंनी विचारले.

"एका मुलामुळे. दोन वर्षे तो माझ्यासमोर वाचतो आहे. खणखणीत आवाज, कुठे अडखळणे नाही. मी इतरांना त्याचे उदाहरण देत असे. परवा वाचताना त्याचे पान उलटायचे राहिले आणि तो तसाच पुढे वाचत गेला. मी पुस्तक हाती घेऊन मधलाच एक शब्द दाखवला. त्याला सांगता येईना. मग एकेक अक्षर दाखवले. तेही येईना. इतर मुलांचे ऐकून ऐकून त्याने सगळे पुस्तक पाठ केले आहे, गुरुजी. आणि दोन वर्षे मी त्याला शाबासकी देतो आहे."

"मुले किती आहेत?"

"बासष्ट."

"खोल्या?"

"एकच. हेही मी स्वतःला सांगून पाहिले. बासष्टांत एक निसटणारच. पण मग बाकीची मुले तरी माझ्या हाती आहेत का? एकाची पाटी पाहावी तर दुसऱ्याचा हात वर असतो. त्याच्याकडे वळावे तर तिसरी रडत असते. शाळा सुटल्यावर मी आठवू लागतो, आज कोणाशी एक शब्दही बोललो नाही. रोज आठ-दहा चेहरे समोर येतात. रोज निराळे. माझ्याजागी कोणी समर्थ माणूस असता तर त्या मुलांचे असे झाले नसते."

गुरूंनी सूप बाजूला सरकवले, खांबाला धरून सावकाश उभे राहिले, अंगावरचे उपरणे सारखे केले आणि शिष्यासमोर दोन्ही हात जोडले.

"मला क्षमा कर," ते म्हणाले.

शिक्षक गडबडून उठला. गुरू आपला उपहास करीत आहेत, असे क्षणभर त्याला वाटले. "गुरुजी, हे काय? माझे काही चुकले असेल तर सरळ बोला."

"तुझे नाही. तू दहा वर्षांचा होतास तेव्हाचे आहे. तुझी आई गेली. तेराव्यानंतर तू शाळेत आलास आणि दारात उभा राहिलास. मी तुझ्याकडे पाहिले, आणि मला एकही शब्द सुचला नाही. गीता मला तोंडपाठ होती. दुसऱ्यांच्या घरी जाऊन मी धीराच्या गोष्टी सांगत असे. पण तुझ्यासमोर जीभ उचलली नाही. समोर पन्नास मुले गलका करीत होती. म्हणून मी तुझ्या हाती चाकू आणि लिहायच्या बोरूंची जुडी दिली, पडवी दाखवली आणि म्हटले, हे तासत बस. एक महिना तू तिथे बोरू तासत होतास. त्या महिन्यात मी तुला काही शिकवले नाही, काही विचारले नाही. येता-जाता तुझी पाठ दिसायची आणि मी मान वळवायचो. पंचवीस वर्षे ही गोष्ट माझ्या मनात आहे. तू येऊन जात होतास, पण बोलायचे धैर्य होत नव्हते. आज तू योग्यतेचा विषय काढलास म्हणून बोललो."

शिक्षकाने गुरूंचे जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, "गुरुजी, त्या महिन्यामुळेच मी शाळेत येत राहिलो."

"माझे मन राखू नकोस."

"नाही. घरी जो येई तो माझ्या डोक्यावरून हात फिरवी. आत्या, शेजारी, ओळख नसलेली माणसेही. लांबून हात येताना दिसला की मी डोके मागे घेई. सगळे विचारत, जेवलास का, झोपलास का. आपल्या पडवीत कोणी काही विचारले नाही. बोरूचे टोक तिरके उतरवायचे असते. जास्त दाबले तर चिरते, कमी दाबले तर बोथट राहते. ते नीट उतरले की तेवढ्यापुरते मला दुसरे काही आठवत नसे. मला वाटत होते, आपण हे जाणून केले. गुरुजींना सगळे समजते, असे मी तेव्हा ठरवून टाकले. पुढे शिक्षक व्हावे असे वाटले, तेही त्या पडवीतच."

गुरू हळूच खाली बसले. त्यांचा हात सवयीने सुपाकडे गेला, पण मुगापर्यंत पोहोचला नाही.

"आणि ग्रहणाचा पाठ?" थोड्या वेळाने त्यांनी विचारले. "तो आठवतो? खोलीत अंधार करून, दिवा लावून, भोपळा टांगून मी ग्रहण दाखवले होते. आठ दिवस तयारी करीत होतो. तसा पाठ माझ्या हातून पुन्हा झाला नाही."

शिक्षकाने आठवून पाहिले. "मी त्या दिवशी होतो का?"

"पहिल्या रांगेत होतास."

"भोपळा आठवतो," शिक्षक संकोचाने म्हणाला. "नंतर त्याची भाजी केली होती. खारट झाली होती."

गुरू मोठ्याने हसले. शिक्षकालाही हसू आवरले नाही. त्या दिवसात तो पहिल्यांदाच हसला होता.

हसणे ओसरल्यावर गुरू म्हणाले, "बघ. ज्याचा मला अभिमान होता, त्यातली तुझ्यापाशी खारट भाजी उरली. ज्याची मला लाज होती, त्याने तू शिक्षक झालास. एकाच शाळेत आपण दोघे होतो, पण मी एक पाहत होतो आणि तुझ्या बाबतीत दुसरेच घडत होते. पंचवीस वर्षे मी स्वतःला दोषी धरले, आणि तो खटला चुकीचा होता हे मला आज कळते आहे. तू म्हणतोस, मी अयोग्य आहे अशी माझी खात्री झाली. त्या कागदात मला एवढा एकच शब्द खटकतो. खात्री."

"म्हणजे माझी चूक झाली नाही, असे आपण म्हणता?"

"मुळीच नाही. चूक झाली आहे. मुलाला अक्षर येत नाही आणि तुला दोन वर्षे कळले नाही, याला दुसरे नाव नाही. मीही चुकलो होतो, तुझे भले झाले हा तुझा गुण. त्याच वर्षी आणखी एका मुलाच्या घरी असेच झाले. त्यालाही मी बोरूंची जुडी दिली. तिसऱ्या दिवसापासून तो आला नाही. त्याला कदाचित शब्दच हवा होता. तो कुठे आहे मला ठाऊक नाही, त्याची क्षमा मागायचीही सोय नाही. हेही माझेच आहे. पण शिक्षकाने काय दिले आणि काय द्यायचे राहिले, हे त्याला स्वतःला पुरते कधी कळत नाही. जे कळत नाही त्याच्या आधारावर माणूस गर्व करू शकत नाही, तसा राजीनामाही देऊ शकत नाही. जायचे तर पेठेतले काम आवडते म्हणून जा. अयोग्य आहे म्हणून जाऊ नकोस. तेवढा निवाडा तुझ्या हातातला नाही."

खालून व्यापाऱ्याची हाक आली. शिक्षक उठला.

"त्या मुलाचे मी काय करावे?" त्याने विचारले.

"मला काय ठाऊक? त्याला मी पाहिलेले नाही. तू दोन वर्षे पाहतो आहेस. पुस्तक केवढे आहे?"

"चौसष्ट पानांचे."

"चौसष्ट पाने नुसत्या कानांनी," गुरू म्हणाले. त्यांनी सूप मांडीवर ओढून घेतले.

शिक्षकाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. कागद ओसरीवरच होता. तो त्याने उचलला आणि पाणवठ्याकडे गेला.

व्यापारी बैल जुंपत होता. "झाला निरोप? चला, बसा."

"मी येत नाही. दिलेला शब्द मोडतो आहे, त्याबद्दल राग मानू नका."

"म्हाताऱ्याने पढवले वाटते. अहो, काल तर तुम्हीच म्हणत होतात, आता सहन होत नाही."

"ते आजही होत नाही. पण शाळेत एक मुलगा आहे, त्याला अख्खे पुस्तक तोंडपाठ आहे."

"मग त्याला शिकवायचे काय राहिले?"

शिक्षक थोडा थांबला. मुलाच्या तोंडचा एकेक शब्द आणि त्याखाली फिरणारे आपले बोट त्याला दिसू लागले होते. "त्याच्या तोंडी जे आहे ते पुस्तकात कुठे लिहिले आहे, एवढे दाखवायचे राहिले आहे," तो म्हणाला.

व्यापाऱ्याला हे काम क्षुल्लक वाटले. त्याने बैलांना हाक दिली आणि गाडी पेठेच्या वाटेला लागली. शिक्षक उलट दिशेने पायी निघाला. शाळेपर्यंत तीन कोसांचे अंतर होते, आणि दुसऱ्या दिवशी बासष्ट मुले यायची होती.

आपण कमी पडलो असे ज्यांना दिवस संपताना वाटते, त्या शिक्षकांचे ते वाटणे खरेही असू शकेल. पण कोणत्या मुलाला आपण पुरलो, हे सांगायला ते मूल बहुधा अजून पुरेसे मोठे झालेले नसते.