बारा टिबुकल्यांचा तराफा

तळ्यांना अजून नावं पडली नव्हती, त्या काळची गोष्ट. बारा टिबुकल्यांनी, म्हणजे पाण्यात बुड्या मारणाऱ्या चिमुकल्या पाणपक्ष्यांनी, मिळून पाणगवताचा एक भलामोठा तरंगता तराफा विणला आणि त्यावर अंडी घातली. दुसऱ्याच दिवशी पश्चिमेचा वारा सुटला. लाटांनी तराफा असा हिंदकळू लागला, की अंडी या टोकाहून त्या टोकाला घरंगळू लागली.

"धरा, धरा!" म्हणत बेडूक आणि कासवं धावली. त्यांनी तराफा चारी बाजूंनी घट्ट धरला. मग तराफ्याबरोबर तीही हिंदकळू लागली. एका बेडकाला तर उलटीच झाली.

काठावर बिजली नावाची म्हैस उभी होती. "मी येऊ का?" तिने विचारलं.

"नको गं बाई! तू उतरलीस तर सगळंच बुडेल!" थोरली टिबुकली ओरडली.

पण उन्हाने बिजलीचं अंग तापलं होतं. ती पाण्यात शिरली आणि तराफ्यापासून दहा हातांवर, वाऱ्याच्या बाजूला, आडवी फतकल मारून बसली. येणारी प्रत्येक लाट तिच्या पाठीवर आपटून फुटू लागली. पलीकडे तराफा हळूहळू स्थिरावला.

थोरली टिबुकली लगबगीने पोहत आली. "बिजलीताई, पिल्लं निघेपर्यंत वारा सुटला की इथेच बसाल का? अजिबात उठू नका!"

बिजलीचे डोळे भरून आले. "आजवर मला ज्याने त्याने 'ऊठ'च म्हटलं गं!"