चार बोटं लांब

ही गोष्ट सांगणाऱ्याला लेथच्या, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्राच्या, कामातलं कळत नाही असं काही नाही. फक्त लेथ सुरू झाला की तो दाराबाहेर जाऊन उभा राहतो, एवढंच.

तर एका गावात शेवंता नावाची एक बाई होती. नवरा गेला, मागे लेथ राहिला. दीर म्हणाला, "वहिनी, भंगारात घालू." शेवंता म्हणाली, "आठ दिवस थांबा भाऊजी." दूध डेअरीच्या साहेबांनी तिला अ‍ॅल्युमिनियमचे तीन तुकडे दिले होते. त्यातला एक जरी गुळगुळीत उतरला, तर डेअरीचं काम तिचं आणि लेथही घरातच.

शेवंताला तुकडा धरून गरगर फिरणाऱ्या चकची धास्ती. हात लांब राहावा म्हणून तिने टूल, म्हणजे कापायचं हत्यार, पकडीतून चार बोटं बाहेर काढून बांधलं. तुकड्याला लागताच ते थरथरलं, लेथ किंचाळला, आणि चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर माशाच्या खवल्यांसारख्या रेघा उठल्या.

काप जास्त झाला असावा, असं तिला वाटलं. दुसऱ्या तुकड्यावर तिने केसाएवढाच काप घेतला. टूल कापेना, नुसतं घासू लागलं. ओरडा दुप्पट.

शेजारचा रंगनाथ मिस्त्री रोज तिच्या उंबऱ्यावर बसे. चाळीस वर्षं त्याने हेच काम केलेलं. "शेवंता, लेथ सनई वाजवतोय की गं," तो म्हणाला. "लग्न कुणाचं?"

शेवंता हसली नाही. तिसऱ्या तुकड्यावर तिने काप गुळगुळीत यावा म्हणून रॉकेल सोडलं, देवाचं नाव घेतलं, आणि भीतीने टूल आणखी एक बोट बाहेर काढलं. रॉकेल बरोबर होतं. वाढवलेलं बोट चुकलं. तिसरा तुकडाही गेला.

आठव्या दिवशी दिराचा टेम्पो दारात लागला. चार माणसं लेथला दोर बांधू लागली, तसा रंगनाथ उठला. टूलला अंगठा लावून म्हणाला, "एवढं बाहेर काढतात होय? आखूड धरायचं, घट्ट आवळायचं, न भिता काप द्यायचा. सोपं असतं गं."

शेवंताने त्याच्याकडे पाहिलं. "मामा, तिन्ही तुकडे तुमच्या डोळ्यांदेखत गेले. पहिल्यालाच का नाही बोललात?"

तात्पर्य: भिऊन लांब धरलेलं हत्यार थरथरणारच, आणि ज्याला ते ठाऊक आहे, त्याने शिकणाऱ्याचा माल संपायच्या आत तोंड उघडावं.