तांबूची वासांची बाग

डोंगराच्या कुशीत, शिंदीच्या झाडांखाली एक इवलीशी झोपडी होती. तिथे मैना आणि तिची आई केरसुण्या बांधून कसंबसं पोट भरत. मैनेचा एक कुत्रा होता, तांबू. एकदा कुणीतरी त्याला "यू यू" करून गोड बोलावलं आणि त्याच्या डोळ्यांत चुना फेकला. तांबू आंधळा झाला. तेव्हापासून तो खाईना, उठेना. मैना आपली अर्धी भाकरी पुढे धरायची, तो तोंड फिरवायचा. आणि मैनेचा गोड बोलणाऱ्यांवरचा विश्वासच उडाला.

एका सकाळी तांबूला कडेवर घेऊन ती ओढ्याकाठच्या माळावर आली. पाहते तर समोर परी! निळे-सोनेरी पंख, केसांत चिमुकल्या चांदण्या.

"घाबरू नकोस हं, बाळ. तुझ्या दोन इच्छा मी पुऱ्या करीन."

"का? फुकट कोण कुणाला देतं?" मैना मागे सरकली. "आधी याला हात हुंगू दे." अनोळखी माणसाला ती हेच सांगायची.

परीने नाजूक हात पुढे केला. तांबूने हुंगला आणि गुरगुरलाच! त्या हाताला कसलाच वास नव्हता.

"बघ! नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे."

परी खिन्न हसली. "आम्हा पऱ्यांना वासच नसतो गं. पण एक नियम ऐक. ज्याच्यासाठी मागशील, त्याला ते आवडायला हवं. नाहीतर ऊन उतरताच सगळं विरून जाईल."

मैनेला ही अटही लबाडीची वाटली. पण तांबूची हाडं तिच्या हाताला लागत होती. "याला जगातली सगळ्यात सुंदर बाग दे," ती म्हणाली.

लाल, जांभळ्या, केशरी फुलांनी माळ लखलखला. तांबू मात्र शिंकला आणि नाक पंजांत खुपसून पडून राहिला. उन्हं उतरली, बाग विरली.

"फसवलंस मला!"

"ती बाग कुणाच्या डोळ्यांना सुंदर होती, बाळ?"

मैनेने तांबूच्या डोळ्यांकडे पाहिलं. दुसऱ्या सकाळी माळावर परीसमोरच तिने फडक्याने स्वतःचे डोळे बांधले आणि तांबूशेजारी रांगू लागली. काय गंमत! तांबू उठून तिच्या मागे निघाला. कोमट वाळूशी थांबला, ओल्या मातीशी थांबला, शेपटी हळूच हलली.

"कळलं! ओढ्याकाठी वाळ्याचं गवत दे. लोळायला मऊ वाळू, उकरायला भुसभुशीत माती, पाठ घासायला खरबरीत खोड. वाटेवर खुळखुळणाऱ्या शेंगा. आणि कुंपण नको, गावातली सगळी कुत्री यायला हवीत."

"स्वतःसाठी काहीच नको? भूक नाही लागली?"

"लागलीय. पण मला भुलवू नकोस!"

बाग उगवली. तांबू उकरू लागला, लोळू लागला, आनंदाने भुंकू लागला. मैना मात्र संशयाने सूर्याकडेच बघत बसली. सूर्य बुडाला. बाग होती तिथेच होती!

मैनेला शरमल्यासारखं झालं. तिने परीचा हात धरला. "चल, तूही लोळ."

चमचमत्या पंखांसकट परी चिखलात लोळली. तांबू जवळ आला. त्याने तिचा हात हुंगला. माती! वाळा! त्याने तो हात चाटला.

"अगं, माझ्याही हाताला वास आला!" परी घुंगरांसारखी हसली आणि हसता हसता मावळतीच्या सोनेरी उजेडात मिसळून गेली.

ती उभी होती तिथे गरम भाकऱ्यांची दुरडी होती. मैनेने सवयीने आधी तांबूला भाकरी हुंगायला दिली. तांबूने हुंगली, आणि कितीतरी दिवसांनी पहिला घास खाल्ला.

ती दुरडी पुढे कधी रिकामी झाली नाही, आणि गावभरच्या कुत्र्यांनी भरलेली ती बागही.